एक बंडी जास्त

धावंडीच्या शिवेवरच्या नाक्याला सरकारी कागदात काहीतरी भारदस्त नाव होतं म्हणे. गावात त्याला नुसतं ‘बल्ली’ म्हणत, कारण तिथं दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. सडकेच्या एका अंगाला चिंचेचं झाड, दुसऱ्या अंगाला मातीच्या भिंतींची दोन खणांची झोपडी आणि मधे आडवी टाकलेली सागाची बल्ली. बल्लीच्या बुडाला दगड बांधलेला, शेंड्याला दोर. दोर सैल सोडला की बल्ली वर जायची, ओढला की खाली यायची. हिंगोलीहून वऱ्हाडात जाणारी प्रत्येक बंडी इथं थांबायची, एक आणा टाकायची आणि पुढं सरकायची. निजामाच्या राज्यात हा दोर आधी मसाजीच्या आज्यानं ओढला, मग बापानं, आणि आता मसाजी ओढत होता. तीस वर्षांत त्याच्या तळहाताला असा घट्टा पडला होता की चुलीतला निखारा हातानं उचलून तो चिलमीवर ठेवायचा. लोक म्हणत, मसाजीचा हात सरकारी आहे, त्याला चटका बसत नाही.

चटका बसायची वेळ एकोणीसशे अडतीसच्या चैत्रात आली.

त्या चैत्रात हळदीच्या बंड्या चालू होत्या. सडकेचा फुफाटासुद्धा पिवळा पडला होता आणि बैलांच्या नाकपुड्यांतून पिवळा शेंबूड गळत होता. अशात आमराईत दोन तंबू लागले. साहेब आला, साखळ्या आल्या, लाल झेंड्या आल्या, आणि तीन पायांवर उभं राहणारं एक पितळी दुर्बिणीसारखं यंत्र आलं, ज्याच्यापुढं गावातल्या बायका पदर सावरून उभ्या राहू लागल्या. चार दिवसांत बातमी फुटली. खडीची पक्की सडक होणार. ओढ्यांवर पूल होणार. निम्मा पैसा सरकार घालणार, निम्मा हिंगोलीचा एक मक्तेदार, आणि मक्तेदारानं पंधरा वर्षं नाका वसूल करून आपला पैसा काढून घ्यायचा. जुनी बल्ली जाणार, तिथं लोखंडी फाटक येणार, पक्की खोली येणार, कंदील येणार.

फक्त एक गोष्ट ठरायची होती. सडक धावंडीवरून न्यायची की साखऱ्याकडून वळवायची.

साहेब हैदराबादचा. पान खाणारा, मऊ बोलणारा माणूस. त्यानं मसाजीला तंबूत बोलावलं आणि चक्क बसायला सांगितलं. मसाजी बसला नाही, ते सोडा. साहेब म्हणाला, “मक्तेदार बंड्या देखकर पैसा डालेगा. सात दिन गिनती होगी. रोज चालीस बंडी निकली तो सडक इधर से, नाका यहीं, और नाकेवाला तू और तेरा बेटा. नहीं निकली तो उधर से.”

“कशाकशाची गिनती, सरकार?”

“जो चाक पर चले, वो गिनो.”

मसाजी घरी आला तेव्हा त्याच्या अंगात हलगी वाजत होती. त्याला शेत नव्हतं. दुसरं काम येत नव्हतं. मुलगा हरिचंद दोर ओढायलाच शिकला होता, आणि सून बनाबाई पाच महिन्यांची पोटुशी होती. नाका गेला तर या चार माणसांनी जायचं कुठं, हा प्रश्न त्याच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, भाकर थापता थापता एकदाच विचारला. भाकरी त्या दिवशी सगळ्या करपल्या.

मोजणीची रीत साहेबानंच घालून दिली. चिंचेखाली कारकून कागद घेऊन बसायचा. मसाजीनं बल्ली उचलायची, बंडी पुढं निघाली की मोठ्यानं ‘आली’ म्हणायचं आणि मडक्यात एक चिंचोका टाकायचा. ‘आली’ ऐकली की कारकून कागदावर एक रेघ ओढायचा. दिवस मावळला की कारकून तंबूकडं जायचा. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत एखाददुसरी बंडी आलीच तर ती एकट्या चिंचोक्याच्या भरवशावर. कारकून मसाजीकडं असा बघायचा, जसं कुणी दुधाच्या पातेल्याशेजारी बसलेल्या मांजराकडं बघतं.

पहिल्या दिवशी मसाजीचा घसा ‘आली, आली’ करून बसला. उन्हानं बल्लीचा दगड तापला होता. कारकून गेला तेव्हा मडक्यात एकोणचाळीस चिंचोके होते.

एक कमी. पहिल्याच दिवशी एक कमी. मसाजी सडकेकडं डोळे लावून बसला. वारा पडला होता, चिंचेचं पान हलत नव्हतं. दिवस बुडाला, पण उजेड अजून होता, मळकट ताकासारखा. आणि त्या उजेडात वरल्या अंगानं माणसं येताना दिसली. दहा-बारा असतील. हलगी नाही, बोलणं नाही. त्यांच्या पुढं एक लहानसं काहीतरी गडगडत येत होतं.

तो मरीआईचा गाडा होता.

पटकीची साथ आली की गाव हा गाडा करतं. हातभर लांबीची लाकडी गाडी, त्यात कडुलिंबाचा पाला, हिरवा खण, बांगड्या, लिंबं, हळदकुंकू. त्यात मरीआईला बसवायची आणि आपल्या शिवेबाहेर पुढल्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायची. पुढलं गाव तिला आणखी पुढं नेतं, असं करत ती नदीला लागते. गाडा पुढून गेला की प्रत्येकानं तोंड फिरवायचं आणि एकच शब्द म्हणायचा, ‘गेली.’ लेकरांनासुद्धा हे ठाऊक. मसाजीनं उभ्या जन्मात दहा-वीस गाडे बल्लीखालून जाऊ दिले होते, तोंड फिरवून, ‘गेली’ म्हणून.

त्यानं दोर सोडला. बल्ली वर गेली. माणसं जवळ आली, त्यांची तोंडं उपरण्यांत गुंडाळलेली होती. गाड्याची चार चाकं कुरकुरत बल्लीखालून सरकली. आणि सबंध दिवस तेच ते करून सरावलेल्या मसाजीच्या तोंडून शब्द निघून गेला.

“आली.”

शब्दामागं हात गेला आणि चिंचोका मडक्यात पडला. टण्ण आवाज झाला. चाळीस.

माणसं जागीच थबकली. एकानं उपरणं खाली करून मसाजीकडं पाहिलं. तो ओळखीचा नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ओझं उतरल्यासारखं काहीतरी आलं. मग सगळेजण गाडा बल्लीखाली तसाच सोडून मागं फिरले, आणि जाताना आले त्याहून भराभर गेले.

मसाजीनं मडकं घरात नेलं. सत्यभामाबाईनं किती झाल्या विचारलं, त्यानं चाळीस सांगितलं. ती हसली. मग तोही हसला. आता काढून टाकू का तो चिंचोका, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण हात मडक्याशी जाऊन परत आला. साहेबानं सांगितलंच होतं, जे चाकावर चालंल ते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण देताना ते इतकं गोड दिसतं की नेण्याची आठवण कुणाला राहते.

सकाळी बल्लीखाली गाडा नव्हता. गावातल्या लोकांना वाटलं, आणणाऱ्यांनीच पुढं नेला असेल, आपली मेहनत वाचली. मसाजीनं मात्र फुफाट्यात पाहिलं. दोन बोटं रुंदीचे चाकांचे माग वरून आले होते, बल्लीखाली आले होते, आणि पुढं वऱ्हाडाकडं गेलेच नव्हते. बल्लीपाशी ते वळले होते. त्याच्या झोपडीच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस बंड्या झाल्या. कारकुनानं रेघा मोजल्या, त्रेचाळीस. चिंचोके मोजले, चव्वेचाळीस. कारकून म्हणाला, म्हातारा झालास. पुन्हा मोजले. चव्वेचाळीसच.

तिसऱ्या दिवशी मसाजीनं डोळ्यात तेल घालून मोजलं. प्रत्येक चिंचोका टाकताना तो बोटानं चाचपून टाकला. रेघा एकेचाळीस, चिंचोके बेचाळीस. आता कारकुनाची खात्री पटली. त्यानं बंडीवाल्यांच्या देखत मसाजीला उभं केलं, मुंडाशाचे वेढे सोडायला लावले, धोतराचा सोगा झाडायला लावला, तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहिलं. काही निघालं नाही. हळदीच्या बंडीवर बसलेला एकजण म्हणाला, कारकूनसाहेब, तेवढं लंगोटात बघायचं राहिलं. सगळे हसले. पन्नाशीचा मसाजी मुंडासं हातात घेऊन उन्हात उभा राहिला आणि त्याच्या टकलावरून घामाचे ओघळ मानेत उतरले. हरिचंद झोपडीच्या दारात होता. त्यानं बापाकडं पाहायचं टाळलं.

चौथ्या दिवशी कारकुनानंच चिंचोके टाकले. मसाजीनं नुसतं ‘आली’ म्हटलं. संध्याकाळी कारकुनानं रेघा मोजल्या, चिंचोके मोजले, मग बराच वेळ मडक्यात पाहत बसला. मडकं उलटं करून त्यानं बुडावर टिचकी मारली. “साहेबाला सडक पाहिजे,” तो शेवटी म्हणाला, “मक्तेदाराला बंड्या पाहिजेत, आणि मला घरी जायचंय. जास्तीचा आकडा लिहितो.” त्यानंतर तो चिंचेखाली पुरा दिवस बसला नाही. रोज दिवस कलायच्या आत तंबूत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी मसाजी सांगेल ते लिहायचा.

माग रोज सकाळी थोडे पुढं सरकलेले असत. तिसऱ्या दिवशी ते चिंचेभोवती फिरले होते. पाचव्या दिवशी ओट्याला लागून. सकाळचं झाडायचं काम बनाबाईचं. ती फडा टेकून हसत म्हणाली, “मामा, कुण्या लेकराची गाडी हाय ही? रोज फिरवून राहिलं.” मसाजीनं तिच्या हातातून फडा घेतला आणि स्वतः झाडलं. सासऱ्यानं अंगण झाडलेलं पाहून सत्यभामाबाईनं कपाळाला हात लावला. खाई त्याला खवखवे, आणि खवखवणारा माणूस दुसऱ्याला घसा दाखवत नाही.

सहाव्या दिवशी दुपारी तो बल्लीजवळून पाणी प्यायला घरात आला. बनाबाई रांजणापाशी तांब्या धरून उभी होती.

“एक बाई आल्ती,” ती म्हणाली. “पाणी मागितलं. म्या दिलं.”

“कोण बाई? मी सडकंवरच हाव. मला न्हाई दिसली.”

“कुटून आल्या म्हणलं, तर बोलल्या न्हाईत. मग म्हणल्या, आता हितलीच. मला हितं मोजून घेतलंय.”

मसाजीच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं नाही, काही झालं नाही. त्यानं पाणी पिऊनसुद्धा टाकलं. पण पाणी पोटात जाईपर्यंत त्याला समजलं होतं की ती कोण, आणि तिला आत कुणी घेतलं. तो बाहेर येऊन बल्लीच्या दगडावर बसला आणि एक बंडी तशीच निघून गेली तरी त्याला भान नव्हतं.

सातव्या दिवशी, मोजणी पुरी झाली त्याच संध्याकाळी, बनाबाईला पहिली उलटी झाली. उजाडेपर्यंत तिचे डोळे आत गेले, बोटांच्या कातडीला सुरकुत्या पडल्या. हरिचंद तिच्या पायांना राख चोळत बसला. सत्यभामाबाई कांद्याचा रस पाजत होती, तो उलटून पडत होता. तिनं वर बघून नवऱ्याला विचारलं, “काहून असे भिताडाला टेकून उभे राहिलात? वैद्य आणा.” तेव्हा मसाजीनं तिला सगळं सांगितलं. तो शब्द, तो चिंचोका, ते माग. सत्यभामाबाईनं त्याला शिवी दिली नाही. तिनं फक्त विचारलं, “आन् तुमी हसलात माह्यासंगं?” त्या एका वाक्यानं मसाजीला कारकुनाच्या झडतीपेक्षा जास्त लाज वाटली.

तो आधी तंबूकडं पळाला. त्याचं डोकं सरकारी नोकराचं. लिहिलेलं खोडलं की झालं, असं त्याला वाटलं. पण आमराईत राख होती आणि खुंट्यांची भोकं होती. तळ नदीकाठी हलला होता. कारकून तेवढा मागं राहून सामान बंडीत चढवत होता. मसाजीनं त्याचे पाय धरले. एक बंडी कमी करा म्हणाला, ती बंडी नव्हती म्हणाला.

कारकून एकदम मागं सरला. “मला काही सांगू नको,” तो म्हणाला. “कागद गेला. साहेबाची सही होऊन गेला. आता ती तिथं आहे आणि तिथंच राहणार.” मग जरा थांबून हलक्या आवाजात म्हणाला, “नाका तुझाच होणार, मसाजी. आणखी काय पाहिजे तुला?”

मसाजी तिथून पारुबाईकडं गेला. पारुबाई मरीआईच्या देवळाची झाडलोट करायची. अंगात येण्याचा थाट तिच्याकडं नव्हता. बोलायची ती एखाद्या सुईणीसारखी, कामापुरतं. तिनं सगळं ऐकलं आणि तंबाखू थुंकली.

“लोकांनी सोडली असती तर लोकांनी नेली असती,” ती म्हणाली. “तुवा तिला आली म्हणलं. आता तुवाच न्यायची. एकट्यानं. नवा गाडा कर, तुह्या घरातून ओढ, थेट पैनगंगेला सोड. वाटंत थांबायचं न्हाई, बोलायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई.”

“नेतो.”

“ऐकून घे. गाव जातं तव्हा गाव परत येतं. एकट्यानं नेली तर त्या वाटंवर त्याचं पाऊल पुन्हा पडू ने. उभ्या जन्मात न्हाई. पडलं तर ती त्याच्या मागं मागं घरी येती. घरी यायचं तर फिरून ये, रानातून ये. सडकंवर न्हाई.”

नाका सडकेवर होता. नाका म्हणजेच सडक होती.

“आन् हरिचंद?” त्यानं विचारलं. “त्यानं धरला दोर तर?”

“त्याचं मला काय ठावं. सरकार तुह्या नावानं देतंय का त्याच्या?”

पंधरा वर्षांचा हुकूम त्याच्या नावानं निघणार होता, मुलाचं नाव त्याच्या नावाखाली लागणार होतं. वरचं नावच नाही तर खालचं कशाला लागेल? मसाजीला रडू आलं. तो उघड रडला, म्हाताऱ्या पारुबाईपुढं, आणि तिनं त्याला रडू दिलं.

सुतारानं दुपारपर्यंत ओल्या पांगाऱ्याचा गाडा करून दिला. मजुरी घेतली नाही, गाडा दारात ठेवून उलट्या पावली गेला. सत्यभामाबाईनं आपल्या लग्नातला हिरवा खण त्यात घातला, कडुलिंबाचा पाला भरला, स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्या उतरवून ठेवल्या. आत बनाबाई आता कण्हतही नव्हती. मसाजी उंबऱ्यातून आत डोकावला. सून त्याच्याकडं बघत होती, पण तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागं कुठंतरी लागली होती, जसं त्याच्यामागं कुणी उभं असावं. तो वळला नाही. त्यानं दोर खांद्यावर घेतला.

बल्ली हरिचंदनं उचलली. आज्याचा, बापाचा, आपला दोर मुलाच्या हातात कसा दिसतो ते मसाजीनं जाताना एकदा नीट पाहून घेतलं. तो बल्लीखालून गेला. मागून सत्यभामाबाईचा आवाज आला, “गेली.” हरिचंदचा आवाज आला नाही.

नदी तीन कोस होती. चैत्राचं ऊन, पायाखाली तापलेला फुफाटा, पायात वहाण नाही, कारण देवीचं ओझं वहाणेनं ओढत नाहीत. पहिल्या कोसातच दोरानं खांदा सोलला. समोरून येणाऱ्या बंडीवाल्यांनी गाडा ओळखला, बैल रानात उतरवले आणि तोंडं फिरवली. गाडा हलका होता, पाला आणि खण, दोन शेर वजन नसेल. तरी तो भरल्या बंडीसारखा ओढावा लागत होता. चढावर मसाजी पार वाकला, त्याच्या नाकाचा घाम मातीत पडत होता. त्याला सारखा प्रश्न पडत होता, हे ओझं जड आहे ते बरं आहे, की हलकं व्हायला हवं होतं? ती गाड्यात बसली आहे की घरातच राहिली आहे? मागं पाहिलं असतं तर कळलं असतं. पण पाहता येत नव्हतं. आपण रिकामी गाडी ओढतो आहोत आणि तिकडं पोरगी गेली, असंही त्याच्या मनात आलं, आणि तेव्हा पाय अडखळले.

दुसरा कोस संपता संपता समोरून एक माणूस चालत येताना दिसला. तो साहेबाचा पट्टेवाला होता. उन्हात त्याचा पितळी बिल्ला चमकत होता. तो परक्या मुलखाचा, त्याला गाड्याची रीत ठाऊक नव्हती. तो सडकेच्या मधोमध उभा राहिला आणि लांबूनच ओरडला, “अरे नाकेवाले, तेरेच पास आ रहा था!”

मसाजी चालत राहिला.

पट्टेवाल्यानं पिशवीतून कागद काढला, शाईची डबी काढली. नाका मंजूर झाला म्हणाला. पंधरा साल. मक्तेदारानं तळावरच पैसा भरला. साहेबानं मसाजीचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. फक्त अंगठा लाव. मसाजी त्याच्या अंगावरून पुढं निघाला तसा तोही बरोबरीनं चालू लागला, उघडी डबी पुढं धरून. आज सांजेपर्यंत कागद परत नेला नाही तर साहेब दुसरं नाव घालील, असं दोनदा बजावलं. शाईचा वास मसाजीच्या नाकात शिरला. त्याचा उजवा अंगठा दोराखाली दाबला गेला होता, निळा पडला होता. त्यानं तो तिथून काढला नाही. त्यानं पट्टेवाल्याकडं पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं असतं तर अंगठा निघाला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“बहरा हुआ क्या?” पट्टेवाला वैतागून थांबला. डबी बंद झाल्याचा आवाज आला. मग दहा-पंधरा पावलांवरून त्याचा आवाज पुन्हा आला, या वेळी जरा नवलाचा. “अच्छा, ये तो बता. तेरे पीछे ये औरत कौन है? नंगे पाँव धूप में चल रही है. बिठा ले ना गाड़ी पे.”

सत्यभामा बनाबाईच्या उशाशी होती, तिला मसाजीनं तिथंच बसायला सांगितलं होतं. घरातून दुसरं कुणी निघालं नव्हतं. म्हणजे ती घरात नव्हती. ती इथं होती, त्याच्या मागं, सडकेवर.

त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा किती तरी जास्त बरं वाटलं. डोळे भरून आले, ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्यानं दोर सोललेल्या खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि तो चालत राहिला. नदी अजून कोसभर लांब होती.